तू म्हणाला होतास तेच झालं

दांडिया बाजार, बडोदे
रविवार, रात्र

प्रिय बंड्या,

दिवाळीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही, दोनदा तुझा फोनही उचलला नाही, सगळं मान्य. आईचं बीपी बरंय, माझा खांदा तसाच, पुढे. आज लिहायला बसलो कारण मंगळवारी जे झालं ते घरात सांगून कुणाला कळणार नाही आणि ऑफिसात सांगितलं तर म्हणतील पॅच टाक ना, विषय संपला. तुलाच कळेल. आपला लॉगरचा ड्रायव्हर, रीडिंग टिपणाऱ्या त्या यूएसबी डब्याला लिनक्सशी जोडणारा आपला कोड, पडला रे. अख्ख्या मशीनला घेऊन पडला, कर्नल पॅनिक, म्हणजे लिनक्सचा गाभाच बंद.

मकरपुऱ्याला ते भट्टीवाले आहेत ना, तिथल्या ऑपरेटरने झाडू मारायला चालू रीडिंगमध्येच यूएसबीची वायर काढली आणि लगेच परत लावली. स्क्रीन गोठली. नऊ तासांची बॅच होती, शेवटच्या काही मिनिटांचे आकडे डिस्कवर गेलेच नाहीत. मी पोचलो तेव्हा सुपरवायझर त्याला सगळ्यांदेखत झापत होता आणि तो बिचारा एकच वाक्य धरून, सायेब, में तो खाली वायर ज काढ्यो. खरं बोलत होता तो. यूएसबीची वायर कधीही निघू शकते, ते गृहीत धरूनच ड्रायव्हर लिहायचा असतो. मी तिथेच सांगितलं की चूक याची नाही, माझी आहे. सुपरवायझरला पटलं की नाही देव जाणे, पण त्या माणसाचा पडलेला चेहरा अजून डोळ्यासमोरून जात नाही.

सुरसागर तळ्याच्या पाळीवरचं भांडण आठवतंय? शेव-उसळ गार झाली होती तुझी. मी म्हणत होतो मॉड्यूलचा, म्हणजे कर्नलमध्ये चढवलेल्या ड्रायव्हरचा, यूज काउंट आहे, किती जण वापरतायत त्याची मोजणी, लॉगरची फाइल उघडी असली तर मॉड्यूल काढायची कमांड आरएममॉड सरळ सांगतं मॉड्यूल वापरात आहे, निघणार नाही, मग भीती कसली. आणि तू म्हणालास, काउंट कोडची राखण करतो रे, लॉगरची माहिती ठेवणाऱ्या तुझ्या स्ट्रक्चरची नाही, आणि वायर काय आरएममॉडला विचारून निघते? मग म्हणालास कर्नलमध्येच यूएसबी-स्केलेटन म्हणून नमुना पडलाय, त्यात के-रेफ, म्हणजे स्ट्रक्चर किती जणांनी धरलंय त्याची मोजणी, कसा लावलाय तो बघ. मी म्हटलं मला कुणाचं उतरवायचं नाही. आठ दिवस बोललो नव्हतो आपण, शेवटी मास्तरांनी चहा पाजून मिटवलं.

आता काय सापडलं ते ऐक. वायर निघाली की कर्नल आपलं डिसकनेक्ट फंक्शन बोलावतं. मी तिथे शेवटच्या ओळीत के-फ्री मारून, म्हणजे स्ट्रक्चरची मेमरी सोडून, मोकळा. पण वरचं ॲप रीडमध्ये झोपलेलं, फाइल त्याच्या हातात तशीच उघडी. ते जागं होऊन फाइल बंद करायला जातं तेव्हा आपलं रिलीज फंक्शन ज्या स्ट्रक्चरमधलं म्युटेक्स, म्हणजे लॉक, धरतं ते स्ट्रक्चरच गेलेलं. तू म्हणशील मग इतकी वर्षं कसं चाललं. हेच मला दोन रात्री छळत होतं. फ्री केलेल्या जागेतला मजकूर लगेच पुसला जात नाही ना, दुसऱ्या कुणी ती जागा घेईपर्यंत जुनं सगळं जवळपास तसंच असतं, म्हणून रिलीज निभावून जायचं. मंगळवारी त्याने वायर लगेच परत लावली, डिव्हाइस लागल्यावर चालणाऱ्या प्रोबने त्याच मापाची जागा मागितली, आणि मेमरी वाटणाऱ्या ॲलोकेटरने नुकताच मोकळा झालेला तोच तुकडा हातात दिला. म्हणजे जुनी फाइल बंद होताना नव्या लॉगरच्या स्ट्रक्चरमध्ये हात घालत होती! घरी आणून स्लब-डीबग, म्हणजे मेमरीची तपासणी, चालू करून बूट केलं आणि वायर ओढली, तर रजिस्टरमध्ये ओळीने ६बी ६बी ६बी ६बी. फ्री केलेल्या जागेत कर्नल मुद्दाम भरून ठेवतं ते विष. ते बघून पोटात खड्डा पडला रे.

आपल्या गणपतीच्या पंगतीत कसं, यजमान उठला म्हणून कुणी पट्ट्या गुंडाळत नाही. नवीन माणूस बसवायचा नाही एवढंच, शेवटचा हात धुवायला उठला की मग पट्ट्या उचलायच्या. ड्रायव्हरचंही तेच. डिसकनेक्टमध्ये आधी यूएसबी-डीरजिस्टर-डेव्ह, म्हणजे नवीन ओपन बंद, मग म्युटेक्स धरून डिव्हाइस गेल्याचा फ्लॅग, मग यूआरबी, म्हणजे यूएसबीवर सोडलेल्या मागण्या, मारायचे आणि ते खरंच थांबेपर्यंत थांबायचं, रीडमध्ये झोपलेल्यांना उठवून ई-नो-डेव्ह, म्हणजे डिव्हाइस नाही हा एरर, देऊन परत पाठवायचं, आणि मग फक्त आपला एक के-रेफ सोडायचा. फ्री करणार तो, जो शेवटी सोडेल. तू सांगितलेलंच सगळं, शब्दाला शब्द.

दादूला सांगितलं तर म्हणाला नजर लागलीय, आणि खरंच पॅनेलला लिंबू-मिरची बांधून आला. मी काढली नाही. असू दे.

पण एवढ्यावर सुटलो असतो तर हे पत्र कशाला लिहिलं असतं. आपला वॉचडॉग आठव, लॉगरवर नजर ठेवणारा. टायमर वाजला की तो वर्क, म्हणजे मागे चालवायचं काम, रांगेत टाकतो, आणि ते वर्क संपताना टायमर परत लावतं. आता आधी टायमर थांबवला तर चालू असलेलं वर्क तो परत लावून जातं, आधी वर्क रद्द केलं तर टायमर नवीन टाकतो. दोघं एकमेकांना जिवंत ठेवतात. नव्या कर्नलमध्ये यासाठी टायमर-शटडाउन-सिंक आहे, ६.२ मध्ये आलं, ते एकदा बोलावलं की टायमर परत लागतच नाही. पण त्या मशीनवर ४.१५ आहे, आणि भट्टीवाल्यांना कर्नल बदला म्हटलं तर दारात उभं करणार नाहीत. म्हणून वर्कमध्ये टायमर लावायच्या आधी फ्लॅग बघतो, आणि बघणं नि लावणं एकाच लॉकखाली घेतलंय, डिसकनेक्टही फ्लॅग त्याच लॉकखाली वर करतं, मग टायमर थांबवणारं डेल-टायमर-सिंक, मग वर्क रद्द करणारं कॅन्सल-वर्क-सिंक. या दोन्हींच्या वेळी मात्र ते लॉक हातात ठेवायचं नाही, नाहीतर वर्क लॉकसाठी थांबणार आणि आपण वर्कसाठी. मला बरोबर वाटतंय. पण तेव्हाही मला बरोबरच वाटत होतं.

आमच्याकडचा नवा मुलगा म्हणाला मेमरी घ्यायला डेव्हएम-के-झेड-ॲलॉक वापरा सर, आपोआप फ्री होतं. हुशार आहे पोरगा, पण आपोआप म्हणजे ड्रायव्हर डिव्हाइसपासून सुटला की, फाइल कुणी धरून ठेवलीय का ते बघत नाही. म्हणजे फिरून तिथेच. त्याला पाऊण तास फळ्यावर समजावलं, आणि बोलता बोलता लक्षात आलं की तुझीच वाक्यं वापरतोय.

खरी काळजी वेगळीच आहे. हा ड्रायव्हर चौदा ठिकाणी आहे, आणि तीन वर्षं मी पोरांना नमुना म्हणून हाच देत आलो. कुणी कुठे उतरवलाय, कुठल्या मशीनवर आहे, मला पत्ता नाही. वायर निघेपर्यंत ते चालतच राहणार. यादी करतोय, एकेकाला फोन करतोय, सहा जण सापडले.

वहिनींचं नवीन ऑफिस जमलं का? छोटीच्या ॲडमिशनचं काय झालं ते कळव, आणि घराचे फोटो पाठव म्हटलं होतं ते राहिलेच. गुडघ्याला जप.

पॅच मेलने पाठवलाय. शुक्रवारपासून घरी लूप लावलाय, एकीकडे रीड चालू, दुसरीकडे सिस-एफ-एसच्या अनबाइंड फाइलमध्ये डिव्हाइसचं नाव लिहून ड्रायव्हर सोडवायचा, परत बाइंड, हाताने वायरही चाळीसेक वेळा ओढली. पहिल्या पॅचमध्ये रिलीजला मी के-रेफ-पुट, म्हणजे आपला के-रेफ सोडणं, म्युटेक्स धरलेला असतानाच केलं होतं, आणि म्युटेक्स त्याच स्ट्रक्चरमध्ये, म्हणजे पुटने फ्री झाल्यावर खाली अनलॉक. मेमरीच्या चुका पकडणाऱ्या केसॅनने दहाव्या फेरीला पकडलं. आता आधी अनलॉक, मग पुट. तेवढी रिलीजची आणि वॉचडॉगची लॉकं तू डोळ्याखालून घाल, भट्टीवाल्यांकडे बुधवारी दुपारी टाकायचंय, तू बघेपर्यंत मी टाकणार नाही.

तुझा,
नंदू