रात्रीच्या उकाड्याचाही आकडा छापा

महोदय,
उन्हाळ्यात आपल्या हवामान चौकटीत कमाल तापमान ठळक छापलेले असते आणि पुढे ‘सरासरीइतके’ असा शेरा. तो वाचून घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘पुण्यात असा उन्हाळा कधी नव्हता!’ दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. हवामान विभागाची सरासरी ३० वर्षांची असते. सध्या त्यासाठी १९९१ ते २०२० हा काळ धरतात. शहर वाढले, टेकड्यांच्या पायथ्यापर्यंत इमारती गेल्या, ती दशके या सरासरीतच मुरलेली आहेत. ज्येष्ठांच्या आठवणीतले पुणे त्याआधीचे.

मला खरी काळजी रात्रीची वाटते. दुपारी ऊन कितीही असो, संध्याकाळी वारा सुटणार आणि पहाटे पांघरूण लागणार, ही पुणेकरांची अपेक्षा असे. आता सिमेंट आणि डांबर दिवसभराची उष्णता रात्रभर सोडत राहतात. हवामान विभागाच्या शिवाजीनगर केंद्रापेक्षा कोरेगाव पार्क, मगरपट्टा येथील केंद्रांवर किमान तापमान अनेकदा काही अंशांनी जास्त नोंदले जाते. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्याला झोप नाही, आणि सकाळी पुन्हा उन्हातले काम. उष्णतेच्या लाटेचा निकष मात्र कमाल तापमानावरच: मैदानी भागात साधारणपणे पारा ४० अंशांवर आणि सरासरीहून साडेचार अंश जास्त हवा.

आपल्या चौकटीत केंद्राचे नाव, किमान तापमान, त्याचा सरासरीपासूनचा फरक आणि आर्द्रता रोज द्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, पुणे