कुलाब्याच्या तटातली चप्पल

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे बरे आहेत. फोनवरही सांगता आलं असतं, पण तू पलीकडून हसशील की शिव्या घालशील याचा भरवसा नव्हता. म्हणून कागद काढला.

गेल्या आठवड्यात शाळेची सहल कुलाबा किल्ल्यावर नेली. हो, अलिबागचाच. सहावीतल्या आपल्या सहलीनंतर मी तिकडे फिरकलो नव्हतो. अलिबागला शंभर वेळा गेलो असेन, पण किनाऱ्यावर उभं राहून किल्ल्याकडे बघायचं आणि एसटी पकडायची.

परवानगीच्या अर्जावर आमच्या मुख्याध्यापकांनी लाल शाईने शेरा मारला, ‘पाण्यात पाय घालायचा नाही.’ २०१६ साली मुरुडच्या समुद्रात सहलीला आलेली पुण्याच्या कॉलेजची मुलं गेली. तेव्हापासून सहल म्हटली की आमच्या पोटात गोळा येतो, आणि यायलाच हवा. पण समुद्रातला किल्ला कोरड्या पायांनी बघायचा कसा? मग एका कोळ्याच्या पोराच्या बापाला गाठलं. नाखवा जाळं विणता विणता म्हणाला, “मास्तर, तिथीची पाऊणपट करा.”

तीस वर्षं समुद्राकाठी राहून मला हे ठाऊक नव्हतं, लाज वाटली. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. तिथून सव्वासहा तासांनी ओहोटी, सकाळी सव्वानऊला. अष्टमीला हाच हिशेब केला तर ओहोटी भर दुपारी येते, शाळेला अगदी सोयीची. पण नाखवा लगेच म्हणाला, “अष्टमीला भांग असतो, पाणी धड चढत नाही नि धड उतरत नाही.” पुनवेच्या-अवसेच्या उधाणाला मात्र ते जेवढं वर येतं तेवढंच खाली जातं, आणि चतुर्थीपर्यंत तो जोर टिकतो. झालं, सहल संकष्टीला ठरली. किल्ल्यात सिद्धिविनायक आहे म्हटल्यावर मुख्याध्यापकही खूश. आपल्या वेळी हा हिशेब कुणी केलेला नसणार. आठवतं ना, दुपारी गुडघाभर पाण्यातून चड्ड्या वर धरून गेलो होतो. भांगच असणार तो.

पहाटे पाचला एसटी निघाली. रेवदंड्याच्या पुलाआधी तिघांनी ओकून घेतलं, ते एक बरं झालं. आठ वाजता अलिबागच्या किनाऱ्यावर त्रेचाळीस डोकी मोजली आणि चालायला लागलो. ओली, कडक वाळू, मध्ये मध्ये खडक, खडकांना चिकटलेली कालवं. पाणी घोट्यालाही लागलं नाही.

दरवाजावरचे मोर-हत्ती, गोड्या पाण्याची पुष्करणी, राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेलं गणपतीचं देऊळ, सगळं दाखवलं. समुद्राच्या मधोमध गोडं पाणी कसं, यावर एका पोरीने मला पाच मिनिटं छळलं. मार्च १६८० मध्ये महाराजांनी काम सुरू केलं, एप्रिलात ते गेले आणि संभाजीराजांनी किल्ला पुरा केला, हे सांगताना पोरं गप्प होती. १७२१ ला इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून चालून आले नि हात हलवत परत गेले, यावर टाळ्या पडल्या.

मग तटाशी आलो. हा तट नुसते दगडावर दगड ठेवून रचलाय, सांध्यात चुना नाही. मी सांगत होतो की लाट आपटली की पाणी या फटींमधून आत शिरतं, तिथेच तिचा जोर मोडतो, म्हणून भिंत उभी राहते. पोरं लगेच फटींत बोटं घालायला लागली. एकाने कोपरापर्यंत हात घातला आणि ओरडला, “सर, आत काहीतरी हाय!”

बंड्या, माझ्या पायातलं बळच गेलं.

तुझी चप्पल हरवली नव्हती. मी लपवली होती.

कारण सांगतो, ऐकून तुला खरं वाटणार नाही. चाकांच्या गाड्यावरच्या त्या दोन तोफा आठव. सर म्हणाले होते, “या कान्होजी आंग्र्यांच्या तोफा.” आणि तू पुढे होऊन त्यांच्यावरची इंग्रजी अक्षरं एकेक करून लावलीस. लो मूर, यॉर्कशायर, इंग्लंड, १८४९. वर विचारलंस, “सर, कान्होजी तर १७२९ ला गेले ना?” सगळा वर्ग हसला. इतिहासात पहिला नंबर माझा, आणि तो प्रश्न तुला सुचला! तू देवळात शिरलास तेव्हा बाहेर ठेवलेल्या तुझ्या हवाई चपलांतली डावी मी उचलली आणि तटाच्या फटीत खुपसली. निघताना गुपचूप काढून देणार होतो, देवाशपथ. पण ती आत घसरली. हात घालघालून दंड सोलवटला, तरी बोटांना नुसता ओला दगड लागत होता.

पुढचं तुला माहीत आहे. तुला वाटतं त्यापेक्षा जास्त मला माहीत आहे. पाऊण तास सगळे शोधत होते, मीही शोधत होतो, सगळ्यात मन लावून. तेवढ्यात पाणी छातीला आलं. मग नाखव्यांच्या होड्या आल्या, आणि किनाऱ्यावर उतरल्याबरोबर सर्वांसमोर तुझ्या कानाखाली दोन बसल्या. त्यातली एक चपलेची होती. दुसरी १८४९ ची असावी, असं मला आता वाटतं. सहल जानेवारीत होती आणि तुमच्याकडे नव्या चपला जूनमध्ये, वह्यांबरोबर यायच्या. एप्रिलातल्या तापलेल्या डांबरावर तू सावली बघून उड्या मारत शाळेत यायचास. मी शेजारून चालायचो, पायात चपला घालून.

त्या पोराच्या हाताला खेकडा लागला होता. बोटाला चिमटा काढून पळाला. मी उगाचच त्या फटीत वाकून बघितलं. फट तीच होती का, कुणास ठाऊक.

तोफांपाशी मुलांना सांगितलं की आंग्र्यांचं राज्य कंपनीने १८४० ला खालसा केलं, म्हणजे या त्यांच्यानंतर आल्या. आणि हेही सांगितलं की हे सहावीतल्या एका पोराने शोधून काढलं होतं. नाव सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, मग त्याला बक्षीस काय मिळालं? मी टोप्या गोळा करायला लागलो.

साडेनऊच्या पुढे नाखव्याचा पोरगा माझी बाही ओढून म्हणाला, “सर, पाणी फिरलं.” मला तर समुद्र होता तसाच दिसत होता. पण घड्याळापेक्षा त्याचं ऐकलं, शिट्टी मारली, पुन्हा त्रेचाळीस मोजले. मग डोक्यांबरोबर पायही मोजले. पोरं हसली, सरांना ऊन लागलं म्हणाली. परत येताना कान्होजींच्या समाधीपाशी थांबलो, चुंबकीय वेधशाळा मात्र बाहेरूनच दाखवली. मुंबईत विजेच्या ट्रामा येणार म्हणून ती १९०४ साली इकडे हलवली, एवढं सांगेपर्यंत अर्धी पोरं वडापावच्या गाडीकडे बघत होती.

वहिनींना हे पत्र वाचून दाखवलंस तरी चालेल. तुझ्या आईला मात्र मी स्वतः येऊन सांगतो. त्या दिवशी घरी गेल्यावर तिनेही तुला मारलं होतं, हे तू मला पुढे सांगितलं होतंस आणि मी “अरेरे” म्हटलं होतं.

पायाचा नंबर कळव. दोन्ही पायांचा पाठवतो, नुसता डावा नाही.

तुझाच,
मास्तर