फेसमधल्या चौकाच्या घरातून

फेस, मोरोक्को
शुक्रवार, रात्र

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

परवा फोन मध्येच तुटला, तो मी रागाने ठेवला नव्हता. या घराच्या भिंती हातभर जाड आहेत. खाली मोबाइलला रेंज मिळत नाही आणि गच्चीवर जावे तर नोव्हेंबरच्या गारठ्याने बोटे आखडतात. आईचे दोन प्रश्न त्यामुळे अर्धवट राहिले: परक्या देशातल्या जुन्या गावात कोणाच्या तरी घरी एकटीने राहणे बरे का, आणि एप्रिलमध्ये तुम्हा दोघांना इथे आणायचे मी म्हणते आहे ते कितपत जमण्यासारखे आहे.

पहिल्या संध्याकाळी मी वाट चुकले होते, हे फोनवर सांगितले नव्हते. जुन्या फेसमध्ये मोटारी शिरूच शकत नाहीत. बाब बूजलूद या निळ्या वेशीपाशी टॅक्सी सोडायची आणि पुढे पायी जायचे. सामान हातगाडीवर, नाहीतर खेचराच्या पाठीवर. मागून ‘बालाक, बालाक’ अशी आरोळी आली की भिंतीला चिकटून उभे राहावे, कारण खेचर थांबत नाही. एका तरुणाने ‘पुढची वाट बंद आहे’ असे सांगून मला बराच वेळ फिरवले आणि वीस दिरहम घेतले. दुसऱ्या दिवशी उजेडात पाहिले, तर त्याने मला एकाच मशिदीभोवती प्रदक्षिणा घातली होती. शेवटी एका पाववाल्याने दुकान सोडून मला दारापर्यंत पोहोचवले.

घरमालकीणबाईंना सगळे ‘लल्ला’ म्हणतात, म्हणजे आपण ‘बाईसाहेब’ म्हणतो तसे. त्यांनी पासपोर्ट पाहून पोलिसांसाठीचा कागद भरून घेतला आणि लगेच फ्रेंचमध्ये विचारले, ‘आईला पोहोचल्याचे कळवलेस का?’ आई, तुझ्या पहिल्या प्रश्नाचे एवढे उत्तर पुरेसे व्हावे.

आता घराविषयी. गल्लीतून पाहिले तर नुसती पोपडे आलेली भिंत, एकही खिडकी नाही, आणि वाकून जावे असा दरवाजा. आतली वाटही मुद्दाम वळवलेली असते, म्हणजे दार उघडे राहिले तरी रस्त्यावरच्या माणसाला आतले काही दिसू नये. ते वळण संपले की एकदम चौक येतो: वर मोकळे आकाश, भिंतीत नक्षीचे कारंजे, कुंडीत लिंबाचे झाड, आणि सगळ्या खोल्यांची दारे याच चौकात उघडणारी. बाबांच्या आजोळचा साताऱ्याचा वाडा मला पहिल्या क्षणी आठवला. फक्त आपल्या वाड्याला रस्त्याकडे तोंड असते, इथे घराने गावाकडे पूर्ण पाठ केलेली आहे. अशा घरांना पाहुणे सरसकट ‘रियाद’ म्हणतात; पण रियाद म्हणजे खरे तर बाग, आणि खरी बाग असेल तरच रियाद म्हणावे. नुसता चौक असलेल्या घराला इथे ‘दार’ म्हणतात. दार म्हणजे अख्खे घर, हे कळल्यावर मला एकटीलाच हसू आले.

बाबा, तुम्ही असता तर पहिल्या दिवशी चौकातून हललाच नसता. खोल्या लांबलचक पण अरुंद आहेत, कारण देवदाराची तुळई जेवढी मिळेल तेवढीच खोलीची रुंदी. भिंतींच्या खालच्या भागावर ‘झेलीज’ची नक्षी आहे. तिचे तुकडे झिलईच्या फरशीतून हातोडीने एकेक करून तासतात आणि भिंतीवर लावायची नक्षी जमिनीवर पालथी मांडतात. मी कुंभारवाड्यात जाऊन पाहिले: कारागिराला रंग दिसतच नाहीत, तो नुसत्या आकारावरून तुकडे जुळवतो, वर चुना ओततो आणि सुकल्यावर उलटवतो, तेव्हा कुठे नक्षी पाहायला मिळते. न्हाणीघराचा गिलावाही चुन्याचाच आहे. तो गोट्याने घोटून त्यावर ऑलिव्हचा काळा साबण चोळतात, त्यामुळे पाणी आत मुरत नाही. तुमच्या घाणीवरच्या, गूळ-हिरडा घातलेल्या चुन्याची गोष्ट मी लल्लांना सांगितली, तर त्यांनी ती गवंड्याला जशीच्या तशी सांगायला लावली.

हे घर वाचले कसे, तेही तुम्ही विचाराल. 1912 मध्ये फ्रेंच अंमल आला आणि त्यांनी नवे शहर वेशीबाहेर वसवले. पुढे सधन कुटुंबे हळूहळू तिकडे, नाहीतर कासाब्लांकाला गेली आणि मोठी घरे खोली-खोलीने भाड्याने गेली. लल्लांच्या सासरच्या या घरात एके काळी सहा बिऱ्हाडे होती. 1981 मध्ये युनेस्कोने हे गाव जागतिक वारसा म्हणून नोंदवले आणि नंतरच्या काळात परदेशी लोकांनीही अशी घरे विकत घेऊन पाहुण्यांसाठी नीट केली. त्यातली काही मी पाहिली. ती फार चकचकीत आहेत आणि त्यांत शेजारपाजारच उरलेला नाही. इथे मात्र सकाळी शेजारची मुलगी पिठाच्या गोळ्यांची परात डोक्यावर घेऊन मोहल्ल्याच्या भट्टीवर जाते, आणि कोणाचा पाव कोणता हे भट्टीवाला न चुकता ओळखतो.

आई, जेवणाची काळजी करू नकोस, पण डोळे मिटून खाऊही नकोस. स्वयंपाकीणबाईंना इथे ‘दादा’ म्हणतात. या दादा सकाळी मसमेन करतात, ती तुझी घडीची पोळीच समज, फक्त चौकोनी; आणि बगरीर म्हणजे जाळीदार आंबोळी. झालूक हे टोमॅटो घातलेले वांग्याचे भरीत. मात्र हरीरा नावाच्या सुपात बहुधा मटण असते, आणि शुक्रवारचा कुसकुस, म्हणजे रव्याच्या वाफवलेल्या बारीक कण्या, वरून भाज्यांचा दिसला तरी मटणाच्या रश्शावर वाफवलेला असतो. आज माझ्यासाठी दादांनी वेगळे पातेले चढवले, तसे आधी सांगावे लागते. पुदिन्याचा चहा इतका गोड असतो की बाबांची साखर पाहता त्यांनी त्याचा नुसता वास घ्यावा.

अडचण आहे ती जिन्याची. पायऱ्या वीतभर उंच, अरुंद, गुळगुळीत आणि कठड्याविना आहेत. बाबांच्या गुडघ्यांना वरची खोली झेपणार नाही, आणि गच्चीवरून संध्याकाळी दिसणारे गाव त्यांना पाहता येणार नाही, हे मी आताच मान्य करते. चौकालगत खालची एकच खोली आहे. मुंबईहून दुबईमार्गे कासाब्लांका, तिथून रेल्वेने सुमारे चार तास; मी स्टेशनवर असेनच.

लल्ला ती खोली डिसेंबरअखेरपर्यंत राखून ठेवतील. तेवढ्यात बाबांनी डॉक्टरांना विचारावे, आणि आई, तुझ्या पासपोर्टची मुदत कपाटातून काढून पाहा. माझ्या आठवणीप्रमाणे ती संपत आली आहे.

कळावे,

तुमची लेक