सही माझी लागली, बाबा

इंडियाना,
२ नोव्हेंबर

ती. बाबा आणि आईस,
सा. न.

मी मजेत आहे. खोकला गेला. आई, मेतकूट अजून पुरतंय आणि बाहेर पडताना कान झाकते, काळजी करू नकोस.

बाबा, इथल्या ऑफिसने फोनवर माझे मार्क सांगितले नाहीत म्हणून तुम्ही रात्री नीट जेवला नाहीत, असं ताईने सांगितलं. मी काही लपवलेलं नाही. इथे अमेरिकेत १९७४ सालचा कायदाच तसा आहे. शाळेत असताना मुलाच्या निकालावर आईवडिलांचा हक्क. अठरा पूर्ण झाली किंवा कॉलेजात पाऊल ठेवलं की तो हक्क मुलाचा. मग फी वडिलांनी भरलेली असो, मुलाने लिहून दिल्याशिवाय ते आपल्याला काही सांगणार नाहीत. आणि तरी मूल पुरतं मोठं झालं असंही नाही. मत १८ व्या वर्षी देता येतं, दारू २१ पर्यंत मिळत नाही (मी घेत नाही, घेणारही नाही), आईवडिलांच्या आरोग्य विम्यात मात्र २६ पर्यंत राहता येतं. मी यातली नेमकी कुठे बसते, मलाच कळत नाही.

संमतीचा फॉर्म काल भरला. वर तुमचं नाव, खाली माझी सही. दहावीपर्यंत मी प्रगतिपुस्तक घेऊन दारात उभी राहायचे. तुम्ही चष्मा शोधायचात, पेन झटकायचात, एकेक विषय वाचायचात आणि मगच सही. काल पेन हातात धरून मी तितकाच वेळ बसले. तुम्हाला परवानगी देणारी मी कोण? पण केली सही. गणितात 'सी' आहे, ते आधी माझ्याकडूनच ऐका. रोज संध्याकाळी शिकवणीला जाते, त्याचे पैसे पडत नाहीत.

लायब्ररीत काम मिळालंय. आमच्या व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे, मी १२च तास करते. अभ्यास बुडत नाही. या महिन्यापासून खर्चाला पैसे पाठवू नका, बँकेचं व्याज तेवढं बघा. तेही मीच भरायला हवं होतं.

ताईच्या साखरपुड्याची तारीख माझ्यासाठी पुढे ढकलू नका. मुलाकडच्यांना काय सांगणार? माझी परीक्षा त्याच आठवड्यात आहे. तिकडे सकाळचे अकरा म्हणजे इथे रात्रीचे साडेबारा, मी जागी राहीन. फोन समोर नीट टेकवून ठेवा, ओटी भरताना ताईचा चेहरा दिसला पाहिजे. माझ्या कपाटातली मोरपंखी पैठणी तिलाच नेसू दे, आई. मी विचारलं तर नाही म्हणेल, तू दे.

तुमची,
छकुली