आवाज बसला तर बसू दे

कोल्हापूर,
२३ सप्टेंबर २०२३

चि. अनु,
अनेक आशीर्वाद.

आत्ताच गौरी-गणपती पोचवून आलो. यंदाही काहिलीतच, म्हणजे पाणी भरलेल्या मोठ्या कढईत, विसर्जन केलं. तू नाहीस म्हणून आरतीचं ताट शेजारच्या बारक्यानं धरलं आणि वाटेत निम्मा प्रसाद त्यानंच खाल्ला. घर एकदम रिकामं वाटाय लागलंय, म्हणून लिहायला बसलो. कागदाचे फोटो काढून तुला पाठवतो. टाइप करायला मला जमत नाही आणि तुला माझं अक्षर आवडतं, असं तूच म्हणतेस.

काल फोनवर तुझा आवाज ऐकून आई केवढी भडकली! घरात गौरीपूजन, पुरण शिजलेलं, बायका ओटी भरायला आलेल्या, त्यात तुझा तो घोगरा आवाज. "नेमबाजीची ट्रायल तोंडावर आलीय आणि ही पोरगी दुसऱ्याच्या मॅचला घसा फोडत बसलीय!" मी म्हटलं, अगं, रायफलीला आवाज कुठं लागतो? त्यावर मला जे ऐकावं लागलं ते लिहीत नाही.

खरं सांगू? काल मीही देवघराच्या बाजूला पाठ करून मोबाइलवर एशियाडच्या व्हॉलीबॉलचे गुणच बघत होतो. चायनीज तैपेईची, म्हणजे तैवानची मॅच, हरलं की पदकाचं नाव संपलं. उरलेल्या बारा संघांतनं पुढं जायचं होतं. बुधवारी कोरियाला पाच सेटमध्ये पाडलं तेव्हाच माझी झोप उडाली होती. पहिला सेट २५-२७ गेला, दुसरा २९-२७ काढला आणि शेवटचा १७-१५! मागच्या एशियाडचा रौप्यवाला संघ हा. अशी मॅच काढल्यावर पुढच्याला अंग ढिलं पडतं, ही भीती मला होती. पण पोरांनी तीनही सेट सरळ घेतले. २५-२२, २५-२२, २५-२१. एशियाडचं उद्घाटन आज आणि आपली पोरं त्याच्या आधीच उपांत्यपूर्व फेरीत.

१९८६ ला सेऊलमध्ये आपल्याला व्हॉलीबॉलचं कांस्य मिळालं तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. जिमी जॉर्जचा पेपरातला फोटो कापून वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवला होता. पुढच्याच वर्षी तो इटलीत मोटारीच्या अपघातात गेला. त्यानंतर एशियाडमध्ये या खेळात आपल्याला पदक नाही. त्यामुळं तू हॉस्टेलच्या जिन्यात पंधरा जणींत एका मोबाइलवर मॅच बघितलीस म्हणालीस ना, तिथं मला यावंसं वाटलं.

पण पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. तू जाता जाता म्हणालीस, "आम्ही एवढं ओरडून काय उपयोग बाबा, त्यांना थोडंच ऐकू जातंय?" ते डोक्यातनं जाईना.

१९८७ च्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या पेठेतल्या मंडळाची टीम जिल्ह्याच्या स्पर्धेत होती. बाद पद्धत, हरला की घर. समोर इचलकरंजीकडची टीम, एकेक पोरगा ताडासारखा. मी लिफ्टर, आताच्या भाषेत सेटर, म्हणजे मारणाऱ्याला चेंडू उचलून देणारा. तेव्हा सर्व्हिस आपली असेल तरच गुण मिळायचा, सेट पंधराचा, त्यामुळं एकेक सेट संपता संपत नव्हता. मैदानावर फक्कीच्या रेषा कवाच पुसल्या होत्या. बघायला घरचं कुणी नाही. आमच्या आप्पांना हा पोरीबाळींचा खेळ वाटायचा. आणि दुसऱ्या सेटला काठावर पाच-सहा पैलवान येऊन बसले. आमच्या शेजारच्या तालमीतले. अंगाला अजून तांबडी माती, खांद्यावर टॉवेल. त्यांना या खेळातलं ओ का ठो कळत नव्हतं. गुण समोरच्याला गेला तरी "भले शाब्बास!" म्हणायचे. एकजण पंचालाच विचारत होता, चेंडू तिकडं पडला तर आमच्या पोरांना गुण का देत नाहीस? सर्व्हिसचा नियम त्याला शेवटपर्यंत पटला नाही.

चौथ्या सेटला माझ्या पोटरीत गोळा आला. खाली बसलो तो उठताच येईना. आमच्याकडं राखीव लिफ्टर नव्हता. त्यातला थोरला पैलवान सरळ मैदानात आला, माझा पाय मांडीवर घेतला आणि अंगठ्यानं पोटरी अशी रगडली की डोळ्यांपुढं काजवे चमकले. "काय होत नाही", "तू करशील", असलं एक अक्षर बोलला नाही. पाय खाली ठेवला आणि म्हणाला, "ऊठ, बास झालं नाटक."

चौथा सेट आम्ही घेतला. पाचवा १२-१५ हरलो.

मग तेच आम्हाला गंगावेशीला दूध कट्ट्यावर घेऊन गेले. समोर म्हैस पिळून दिलेलं धारोष्ण दूध, पेल्यावर हा एवढा फेस. हरलेली टीम ओळीनं दूध पितेय आणि पैलवान पैसे देतायत. महिन्याभरानं त्या थोरल्याची खासबागेच्या मैदानात कुस्ती लागली तेव्हा आमची अख्खी टीम जाऊन बसली. आम्हाला तरी कुस्तीतलं काय कळत होतं? नको तिथं ओरडलो, मागच्या म्हाताऱ्यानं दम दिला. तो घिस्सा डावावर चीतपट झाला. त्याला दूध पाजणं आमच्या खिशाला झेपणारं नव्हतं, मिसळीवर भागवलं.

आता तुझ्याकडं येतो. मागच्या ट्रायलला तू सांगितलंस, "मागं ओळखीचं कुणी उभं असलं की मला सुचत नाही." म्हणून मी आणि आई रेंजच्या बाहेर चहाच्या टपरीवर सव्वा तास थांबलो. तुझ्या साठ गोळ्या होईपर्यंत माझे चार चहा झाले. त्याचं मला वाईट वाटलं नाही. आईबापाची नजर पाठीवर जड होते, हे मला कळतं. पण साताऱ्याची ती कुस्तीवाली आणि धावणारी नाशिकची येतो म्हणाल्या तर त्यांनाही तू नको म्हणालीस, हे काल सहज तुझ्या तोंडून निघालं. ते मला बरं वाटलं नाही. कधी न भेटलेल्या सहा पोरांसाठी घसा बसेपर्यंत ओरडलीस, आणि रोज पहाटे पाचला तुझ्याबरोबर ग्राउंडवर असणाऱ्या दोघींना मागं उभं राहू देत नाहीस?

त्यांना येऊ दे. त्यांना तुझ्या गुणांच्या दशांशातलं काही कळायचं नाही. १०.४ ला टाळ्या वाजवतील आणि सगळ्यात वरच्या १०.९ ला गप्प बसतील. बसू देत.

उद्या जपान. जपानपुढं आपण जिंकू असं मला वाटत नाही, फार वरच्या दर्जाचा संघ आहे तो. पण बघणार. हळद-मिठाच्या पाण्यानं गुळण्या कर, थंड पिऊ नकोस. उरलेले लाडू आणि कांदा-लसूण चटणी सोमवारच्या गाडीनं येणाऱ्या माणसाबरोबर देतोय, वाटून खा.

हे लिहिताना आई मागं येऊन उभी राहिली. पत्र वाचत असेल वाटलं म्हणून मी हात आडवा धरला. तर म्हणते कशी, "ती जपानची मॅच किती वाजता हाय?"

तुझा,
बाबा

ता.क. बुधवारी तुझ्या ट्रायलला आम्ही टपरीवरच थांबू.