अनंताला चुन्याची निवळी: माहितीपत्रकाबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी

विषय: अनंताच्या रोपासोबत दिलेला चुकीचा सल्ला आणि त्यामुळे झालेले नुकसान

महोदय,

जूनमध्ये आपल्या संकेतस्थळावरून अनंताचे रोप मागवले. रोप उत्तम होते. गर्द हिरवी, तुकतुकीत पाने, शेंड्यांना कळ्या. पॅकिंगही चांगले. माझी तक्रार आहे ती सोबतच्या रंगीत कार्डाबद्दल आणि ‘फुलझाडांसाठी आवश्यक’ म्हणून बिलात लावलेल्या चुन्याच्या पुडीबद्दल.

कार्डावर छापले आहे की सर्व फुलझाडांना दरमहा चुन्याची निवळी आणि मूठभर राख द्यावी. अनंताला आम्लधर्मी माती लागते, सामू (pH, म्हणजे मातीची आम्लता मोजणारा आकडा; तो वाढला की आम्लता कमी) साधारण ५ ते ६. चुना आणि राख, दोन्हींनी सामू वाढतो आणि मग मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. त्यात आम्ही सोलापूरकर. इथली काळी माती आधीच चुनखडीची, बोअरच्या पाण्याने बादल्यांना पांढरा थर चढतो. कोकणात जांभ्या मातीत हेच झाड परसात फारशी निगा न घेता फुलते. इथे त्याला चुना पाजायला सांगणे म्हणजे कमालच!

कार्डाप्रमाणे केल्यावर शेंड्याची नवी पाने पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, म्हणजे लोह कमी पडल्याचीच खूण. कळ्या उमलण्याआधीच गळल्या. फोटो आपल्या मदत केंद्राला पाठवले. उत्तर आले, ‘नत्र कमी आहे, युरिया घाला, सोबत आमचे फुलवर्धक घ्या.’ नत्र कमी पडले तर आधी जुनी, खालची पाने पिवळी होतात. फोटोत ती हिरवीगार दिसत आहेत. शिवाय त्या फुलवर्धकात स्फुरद (फॉस्फरस) भरपूर, आणि जादा स्फुरदामुळेही लोह अडते. फोटो कोणी उघडून पाहिला होता का?

शेवटी गावातल्या नर्सरीवाल्याने माती बदलून पालापाचोळ्याचे खत आणि कोकोपीट भरून दिले, चिलेटेड लोह (मुळांना सहज घेता येईल अशा रूपातले लोह) घातले. आता नवी फूट हिरवी येते आहे, पण यंदाचा बहार गेला. (हेच चिलेटेड लोह आपल्याच संकेतस्थळावर विकायला आहे!)

माझ्या मागण्या: रोपाची आणि चुन्याच्या पुडीची पूर्ण किंमत परत करावी. अनंताच्या पाकिटातून हे कार्ड ताबडतोब काढावे आणि यंदा ज्यांनी ज्यांनी हे रोप घेतले त्यांना चुना न घालण्याचा संदेश पाठवावा. त्यांची झाडे अजून वाचू शकतील.

ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे, १९१५ वर, तक्रार नोंदवीन. बिल, कार्ड आणि पानांचे फोटो सोबत जोडले आहेत.

आपली,
एक ग्राहक, सोलापूर