सत्तांतरे आणि मतदाराची आशा

महोदय,
सत्तांतरानंतरच्या उत्साहाची चर्चा निघाली की १९७७ चा दाखला हमखास दिला जातो. रायबरेलीत इंदिरा गांधी पराभूत झाल्या, मोरारजी देसाई पहिले बिगरकाँग्रेसी पंतप्रधान झाले आणि लोकांना वाटले, आता सारे बदलणार! जुलै १९७९ मध्ये ते सरकार कोसळले, जानेवारी १९८० मध्ये इंदिराजी परतल्या. तरीही ती आशा अगदीच फोल म्हणता येणार नाही. केवळ ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण देऊन आणीबाणी लादण्याची वाट ४४ व्या घटनादुरुस्तीने बंद केली, ती आजही बंद आहे.

२०१४ मध्ये तीस वर्षांनी लोकसभेत एका पक्षाला स्पष्ट बहुमत मिळाले, तेव्हाही अपेक्षांना उधाण आले होते. (त्यांचे पुढे काय झाले, यावर घरोघरी वाद आहेतच.)

महाराष्ट्रात मात्र २०१९ मध्ये निवडलेल्या एकाच विधानसभेने फडणवीस, ठाकरे आणि शिंदे असे तीन मुख्यमंत्री पाहिले. मतदाराला पुन्हा कोणी विचारलेच नाही. अशा सत्तांतराने आशा पालवणार कशी? गुलाल उधळला तो कार्यकर्त्यांनी. बाकीचे लोक आमदार कोणत्या हॉटेलात उतरलेत, याच्या बातम्या पाहत बसले.

– एक वाचक